प्रोसिजर अर्ध्यात फसली तर डेटाचं काय होतं?

तीन कामं करणारी एक स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला एसक्यूएल कोड, डोळ्यांसमोर आणा. ग्राहकाने ऑर्डर दिली की ती चालते. पहिलं स्टेटमेंट ऑर्डरच्या टेबलमध्ये नोंद घालतं, दुसरं साठ्यातून तेवढे नग वजा करतं, तिसरं बिल तयार करतं. सुरुवातीला बिगिन ट्रॅन्झॅक्शन (इथून पुढची कामं एक गठ्ठा धरा), शेवटी कमिट (तो गठ्ठा पक्का करा). साठ्याच्या टेबलवर एक चेक कन्स्ट्रेंट आहे: नग शून्याच्या खाली जाता कामा नयेत. आता साठ्यात आहेत ३ नग आणि ऑर्डर आली ५ नगांची.

पुढे काय होईल? बरेच जण सांगतील की दुसरं स्टेटमेंट फसेल आणि सगळंच मागे फिरेल, ट्रॅन्झॅक्शन त्यासाठीच तर असतं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर कुठलंही सेटिंग न बदलता हे करून पाहा. दुसऱ्या स्टेटमेंटवर ५४७ क्रमांकाची एरर येते. मग तिसरं स्टेटमेंट काही झालंच नसल्यासारखं चालतं. त्यानंतर कमिटही होतं. टेबलं उघडून पाहिलीत तर ऑर्डर आहे, बिल आहे, साठा मात्र तीनचा तीनच.

यात सर्व्हरची चूक काही नाही. कमिट म्हटलंत तर तोवर यशस्वी झालेलं सगळं टिकेल, रोलबॅक म्हटलंत तर त्यातलं काहीच टिकणार नाही, एवढीच हमी ट्रॅन्झॅक्शन देतं. दोन्हींपैकी काय म्हणायचं ते लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं. वरच्या प्रोसिजरमध्ये एरर आली तर रोलबॅक करा असं कुठेच लिहिलेलं नाही. कमिट करा असं मात्र स्पष्ट लिहिलंय. सर्व्हरने सांगितलं तेच केलं. ट्रॅन्झॅक्शनच्या चार गुणांना थिओ हर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी १९८३ मध्ये 'ॲसिड' हे नाव रूढ केलं. त्यातला पहिला 'ए' म्हणजे ॲटॉमिसिटी, सगळं किंवा काहीच नाही. ती मिळवायची तर फसल्यावरची वाटही आपल्यालाच लिहावी लागते, आणि ही वाट बहुतेक प्रोसिजरमध्ये घाईत लिहिलेली असते.

प्रत्येक एररची तऱ्हा वेगळी

सगळ्या एरर अशाच वागल्या असत्या तरी एकवेळ सवय झाली असती. पण एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्यांच्या वागण्यात मेळ नाही. कन्स्ट्रेंट मोडला, प्रायमरी की दुबार आली (२६२७) किंवा शून्याने भागलं (८१३४) तर फक्त ते एक स्टेटमेंट रद्द होतं आणि गाडी पुढे जाते. अक्षरं असलेला मजकूर पूर्णांकात बदलायला गेलात (२४५) तर मात्र पूर्ण बॅच (एकत्र पाठवलेली सगळी स्टेटमेंट) थांबते आणि ट्रॅन्झॅक्शन आपोआप मागे फिरतं. खरं तर साठा उणे होण्यापेक्षा ही चूक कितीतरी किरकोळ, पण शिक्षा मोठी.

तिसरी तऱ्हा सगळ्यात त्रासाची. प्रोसिजरमध्ये अस्तित्वात नसलेल्या टेबलचं नाव असलं तरी ती तयार करताना सर्व्हर कुरकुर करत नाही. टेबल पुढे कधीतरी तयार होईल असं धरून चालतो. चालवताना त्या ओळीवर २०८ क्रमांकाची एरर येते आणि प्रोसिजर तिथेच संपते. ट्रॅन्झॅक्शन मात्र उघडंच राहतं. प्रोसिजर ज्याने बोलावली तो कोड पुढे चालू राहतो आणि आपण एका उघड्या ट्रॅन्झॅक्शनच्या आत आहोत याचा त्याला पत्ताही नसतो. पहिल्या स्टेटमेंटने घेतलेली लॉक (इतरांना त्या नोंदींपासून रोखणारी कुलपं) तशीच धरलेली असतात, आणि मग दहा मिनिटांनी कुणीतरी विचारतं की ऑर्डरचं टेबल का अडकलंय.

स्वतःहून एरर उभी करणाऱ्या रेझएररबद्दलही एक गैरसमज पक्का बसलेला आहे. सिव्हिरिटी (एररची तीव्रता) १६ देऊन रेझएरर लिहिलं की प्रोसिजर थांबते असं समजून लोक त्याखाली बिनधास्त कोड लिहितात. ट्राय ब्लॉकच्या (एरर आली तर पकडता यावी म्हणून वेगळ्या काढलेल्या भागाच्या) बाहेर असाल तर ती थांबत नाही. निरोप जातो आणि पुढची ओळ चालते. २०१२ च्या आवृत्तीत आलेलं थ्रो मात्र खरोखर थांबवतं, म्हणून नव्या कोडमध्ये तेच वापरावं. फक्त थ्रोच्या आधीच्या स्टेटमेंटनंतर अर्धविराम विसरू नका. तो नसेल तर सर्व्हर काही ठिकाणी 'थ्रो' हा शब्द आधीच्या स्टेटमेंटचाच भाग समजतो.

मग सांगाडा कसा हवा

सगळ्यात वर 'सेट एक्सॲक्ट अबॉर्ट ऑन'. त्याखाली ट्राय ब्लॉक. बिगिन ट्रॅन्झॅक्शन, आपली तीन स्टेटमेंट आणि कमिट हे सगळं ट्रायच्या आत. मग एरर आली तरच चालणारा कॅच ब्लॉक, त्यात दोनच गोष्टी: ट्रॅनकाउंट (किती ट्रॅन्झॅक्शन उघडी आहेत तो आकडा) शून्याहून जास्त असेल तर रोलबॅक, आणि त्यानंतर काहीही न जोडता नुसतं थ्रो. बस्स. निम्म्याहून जास्त प्रोसिजरना यापेक्षा वेगळं काही लागत नाही.

ट्राय-कॅच २००५ मध्ये आलं. त्याआधी प्रत्येक स्टेटमेंटनंतर 'ॲट-ॲट-एरर' तपासावं लागायचं आणि पुढच्या स्टेटमेंटला ते पुन्हा शून्य व्हायचं. तसा कोड आजही जुन्या सिस्टिममध्ये भेटतो. त्यात तपासणी कुठे राहून गेली ते शोधणं हे एक स्वतंत्र कामच असतं.

ट्राय-कॅच असताना एक्सॲक्ट अबॉर्ट कशाला, हा प्रश्न नेहमी येतो. हे सेटिंग चालू असेल तर जवळपास कुठल्याही एररवर पूर्ण ट्रॅन्झॅक्शन बाद होतं, म्हणजे वरच्या तऱ्हांमधला फरक पुसला जातो. पण खरं कारण वेगळं आहे: काही प्रसंगी कॅच ब्लॉक चालतच नाही. २०८ सारखी एरर ज्या प्रोसिजरमध्ये येते त्याच प्रोसिजरचा कॅच तिला पकडू शकत नाही. बोलावणाऱ्याचा कॅच पकडतो.

दुसरा प्रसंग टाइमआउटचा. ॲडो डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस जोडणाऱ्या लायब्ररीत कमांड टाइमआउट मुळात ३० सेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात प्रोसिजर आटोपली नाही तर ॲप्लिकेशनच सर्व्हरला थांबायला सांगतं. सर्व्हरच्या दृष्टीने ही एरर नव्हेच, क्लायंटने काम सोडून दिलंय. त्यामुळे कॅच चालत नाही, रोलबॅक होत नाही आणि ट्रॅन्झॅक्शन लॉकसकट लोंबकळत राहतं. कनेक्शन पूलमध्ये (पुन्हा वापरायला राखलेल्या जोडण्यांत) परत गेलं तरी ते पुन्हा वापरायला निघेपर्यंत तसंच राहू शकतं. एक्सॲक्ट अबॉर्ट चालू असेल तर अशा वेळीही सर्व्हर स्वतः रोलबॅक करतो. 'कधी कधी सगळं अडकतं आणि सर्व्हिस रीस्टार्ट केली की सुटतं' अशी तक्रार कानावर आली तर सगळ्यात आधी हे सेटिंग आहे का ते बघावं.

या सेटिंगची किंमत एकच. एरर आल्यावर ट्रॅन्झॅक्शन 'बाद' स्थितीत जातं. एक्सॲक्ट स्टेट हे फंक्शन तेव्हा उणे १ देतं (१ म्हणजे ठीकठाक उघडं आहे, ० म्हणजे ट्रॅन्झॅक्शनच नाही). बाद ट्रॅन्झॅक्शनमध्ये वाचता येतं, लिहिता येत नाही; लिहायला गेलात की ३९३० क्रमांकाची एरर. बाहेर पडायचा मार्ग एकच, पूर्ण रोलबॅक.

याचा थेट परिणाम एरर लॉगवर होतो, आणि इथे क्रम चुकलेला खूपदा दिसतो. कॅचमध्ये आधी लॉग टेबलमध्ये नोंद आणि मग रोलबॅक असं लिहिलं तर दोनपैकी एक होणार: ट्रॅन्झॅक्शन बाद असेल तर नोंद पडणारच नाही, बाद नसेल तर पडेल, पण लगेच रोलबॅकबरोबर पुसली जाईल. म्हणून आधी रोलबॅक, मग लॉग, मग थ्रो. एररचा मजकूर, क्रमांक आणि ओळ सांगणारी फंक्शन्स कॅच ब्लॉक संपेपर्यंत तीच माहिती देत राहतात, त्यामुळे रोलबॅक आधी केला म्हणून काही हरवत नाही. कुठल्या ग्राहकाची कितवी ओळ चालू होती अशी आतली माहिती जपायची असेल तर ती टेबल व्हेरिएबलमध्ये ठेवा. त्याला रोलबॅक शिवत नाही.

रोलबॅक न शिवणाऱ्या आणखीही गोष्टी आहेत. आयडेंटिटी किंवा सिक्वेन्स या आपोआप क्रमांक देणाऱ्या सोयींनी दिलेला क्रमांक परत जात नाही, तिथे खाडा पडतो. त्यामुळे सलग क्रमांक बंधनकारक असतील तिथे आयडेंटिटीवर विसंबू नका. आणि ट्रॅन्झॅक्शन चालू असताना बाहेरच्या सेवेला कॉल केला किंवा फाइल लिहिली, तर ती गोष्ट झाली ती झालीच. कमिट होईपर्यंत बाहेरच्या जगाला काही कळवू नये.

ट्रॅन्झॅक्शनच्या आत ट्रॅन्झॅक्शन

एक प्रोसिजर दुसरीला बोलावते, दोन्हींत बिगिन ट्रॅन्झॅक्शन आहे. दिसायला हे एकात एक बसलेल्या डब्यांसारखं दिसतं, पण एसक्यूएल सर्व्हरमध्ये आतला डबा नसतोच. दुसऱ्या बिगिनने ट्रॅनकाउंट १ चा २ होतो, इतकंच. आतल्या कमिटने तो २ चा १ होतो. डिस्कवर काहीही पक्कं झालेलं नसतं. खरं कमिट होतं ते आकडा १ वरून ० वर येताना. रोलबॅकचं तसं नाही. तो कितीही आत असला तरी आकडा थेट शून्यावर आणतो, बाहेरच्याने केलेलं सगळं घेऊन.

म्हणून आतल्या प्रोसिजरने रोलबॅक केला आणि एरर गिळून 'यशस्वी' असं कळवलं, तर बाहेरची प्रोसिजर आपलं ट्रॅन्झॅक्शन अजून जिवंत आहे असं समजून काम करत राहते. तिची पुढची प्रत्येक ओळ आता सुटी, एकेकटी कमिट होत जाते. प्रोसिजरमध्ये शिरतानाचा आणि बाहेर पडतानाचा आकडा जुळत नसेल तर सर्व्हर २६६ क्रमांकाची एरर देऊन टोकतो. 'बिगिन आणि कमिटची संख्या जुळत नाही' हा तो निरोप. लोक मग संख्या जुळवायच्या मागे लागतात, कुठेतरी एक जास्तीचं बिगिन टाकतात आणि निरोप गप्प करतात. ते करू नका. हा निरोप दिसला की समजावं, आत कुणीतरी रोलबॅक केलाय. मूळ एरर कुठली होती ती आधी शोधावी.

सेव्हपॉइंट (ट्रॅन्झॅक्शनच्या मध्ये घातलेली खूण) वापरून फक्त आतला भाग मागे घेता येतो, पुस्तकात तरी. प्रत्यक्षात ट्रॅन्झॅक्शन बाद झालेलं असेल तर सेव्हपॉइंटपर्यंतही मागे जाता येत नाही, आणि एक्सॲक्ट अबॉर्ट चालू असताना ते बाद होणारच. मला विचाराल तर सेव्हपॉइंटच्या वाटेला फार क्वचित जावं. ट्रॅन्झॅक्शन ज्याने सुरू केलं त्यानेच संपवावं. आतल्यांनी काम करावं आणि फसलं तर एरर वर पाठवावी. कॅचमध्ये 'ट्रॅनकाउंट शून्याहून जास्त असेल तर' ही अट घालायची ती याचसाठी: आतल्याने आधीच रोलबॅक केलेला असेल तर बाहेरच्याने पुन्हा करायला जाऊ नये.

गिळलेली एरर

रिकामा कॅच ब्लॉक लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. युजरला लाल निरोप दिसू नये, रात्रीचं काम मध्येच थांबू नये, असंच काहीतरी. पण फसलेलं काम आणि झालेलं काम यांतला फरक ॲप्लिकेशनला कळायचा एकमेव मार्ग म्हणजे एरर, आणि तोच आपण बुजवून टाकतो. रिटर्न कोड उणे १ देऊन भागेल असं म्हणणारे भेटतात. तो कोड तपासणारं कुणी नसतं.

ओरॅकलमध्ये याचा परिणाम आणखी खोलवर जातो. तिथे बाहेरून बोलावलेल्या पीएल-एसक्यूएल (ओरॅकलची प्रोसिजर लिहायची भाषा) कॉलमधून एरर न हाताळता बाहेर पडली, तर त्या कॉलने केलेले बदल ओरॅकल स्वतःच मागे घेतं. म्हणजे एक्सेप्शनचा भाग लिहिलाच नाही तर तुम्ही सुरक्षित असता. 'व्हेन अदर्स देन नल' (कुठलीही एरर आली तरी काही करू नका) लिहिलं की ओरॅकलच्या लेखी कॉल यशस्वी झाला, आणि अर्धवट बदल तसेच राहतात, पुढच्या कमिटची वाट पाहत. एक ओळ वाढवून संरक्षण घालवलं! ही सवय इतकी पसरलेली आहे की व्हेन अदर्समध्ये रेझ (एरर पुन्हा वर पाठवणं) नसेल तर कंपायलरने इशारा द्यावा अशी सोय ११जी आवृत्तीपासून आहे. इशारे चालू करावे लागतात, तेवढं करा.

लॉगच्या बाबतीत मात्र ओरॅकल सुखाचं. लॉग लिहिणाऱ्या छोट्या प्रोसिजरवर ऑटोनॉमस ट्रॅन्झॅक्शनचा प्रॅग्मा (कंपायलरला दिलेली सूचना) लावला की तिचं कमिट मुख्य ट्रॅन्झॅक्शनपासून वेगळं होतं. बाहेर रोलबॅक झाला तरी लॉग राहतो. हीच सोय मुख्य कामासाठी वापरायचा मोह होतो. तो आवरावा, कारण मग सगळं किंवा काहीच नाही या तत्त्वाला अर्थ उरत नाही.

पोस्टग्रेस शिस्तीला कडक. ट्रॅन्झॅक्शनमध्ये एक स्टेटमेंट फसलं की रोलबॅक होईपर्यंत पुढचं प्रत्येक स्टेटमेंट नाकारलं जातं. कमिट म्हटलंत तरी रोलबॅकच होतो. सुरुवातीचा ऑर्डरचा घोटाळा तिथे होऊच शकत नाही. प्रोसिजरमध्ये एक्सेप्शनचा भाग लिहिला की त्या ब्लॉकभोवती आपोआप सबट्रॅन्झॅक्शन तयार होतं आणि एरर आल्यास तेवढाच ब्लॉक मागे जातो. सोयीचं आहे, पण फुकट नाही: लाखभर वेळा फिरणाऱ्या लूपच्या आत असा ब्लॉक ठेवलात तर वेगावर परिणाम जाणवतो. प्रोसिजरच्या आतून कमिट करायची मुभा आवृत्ती ११ पासून, म्हणजे २०१८ मध्ये आली. मात्र एक्सेप्शनचा भाग असलेल्या ब्लॉकमध्ये कमिट करता येत नाही.

मायएसक्यूएलमध्ये 'एक्झिट हँडलर फॉर एसक्यूएल एक्सेप्शन' लिहायचा, त्यात रोलबॅक आणि रीसिग्नल (तीच एरर वर पाठवणं). हँडलर नसेल तर प्रोसिजर एररने संपते आणि ट्रॅन्झॅक्शन उघडं राहतं. तिथला मोठा खड्डा वेगळाच आहे. आतल्या प्रोसिजरमध्ये 'स्टार्ट ट्रॅन्झॅक्शन' लिहिलेलं असेल तर ते बाहेरच्याचं अर्धवट काम आधी कमिट करून टाकतं, न विचारता. टेबलची रचना बदलणारी स्टेटमेंटही तेच करतात. त्यामुळे एसक्यूएल सर्व्हरवरून आलेल्या माणसाने जुन्या सवयीने एकात एक ट्रॅन्झॅक्शन लिहिली, तर तिकडे निदान सगळं मागे गेलं असतं, इकडे नको ते पक्कं होतं.

पुन्हा प्रयत्न कधी करायचा

काही एररवर उपाय म्हणजे तेच काम पुन्हा करणं. डेडलॉक हे ठळक उदाहरण. दोन ट्रॅन्झॅक्शन एकमेकांच्या लॉकसाठी अडून बसतात आणि सर्व्हर एकाचा बळी देतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये बळी गेलेल्याला १२०५ क्रमांकाची एरर मिळते, पोस्टग्रेसमध्ये ४०पी०१ हा कोड. मायएसक्यूएलमध्ये डेडलॉक आहे १२१३. तिथे १२०५ म्हणजे लॉकची वाट पाहून थकणं. आणि या दोघांत फरक मोठा आहे: डेडलॉकवर इनोडीबी (मायएसक्यूएलचं मूळ स्टोरेज इंजिन) पूर्ण ट्रॅन्झॅक्शन मागे घेतं, तर वाट पाहून थकल्यावर मूळ सेटिंगमध्ये फक्त ते एक स्टेटमेंट. क्रमांकांची यादी एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर तशीच उचलून नेणाऱ्याने इथे सावध असावं.

पुन्हा प्रयत्न ट्रॅन्झॅक्शनच्या पहिल्या ओळीपासून करायचा, फसलेल्या स्टेटमेंटपासून नाही, कारण आधीचं सगळं मागे गेलेलं असतं आणि मधल्या काळात साठ्याचा आकडाही बदललेला असू शकतो. म्हणून हे काम प्रोसिजरच्या बाहेर, सगळ्यात वरच्या थरात ठेवलेलं बरं. मोजकेच प्रयत्न, मध्ये थोडी विश्रांती. कन्स्ट्रेंट मोडल्याच्या एररवर पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. साठ्यात ३ च असतील तर दुसऱ्यांदाही ५ निघणार नाहीत.

सगळ्यात नाजूक प्रसंग: कमिट सर्व्हरवर झालं, पण उत्तर यायच्या आत नेटवर्क तुटलं. ॲप्लिकेशनला वाटतं काम फसलं. पुन्हा प्रयत्न केला तर ऑर्डर दोनदा पडणार. प्रोसिजरच्या आतली कुठलीही कसरत यावर चालत नाही. ॲप्लिकेशनने प्रत्येक विनंतीला स्वतःचा एक ओळखक्रमांक द्यावा, ऑर्डरच्या टेबलमध्ये त्या कॉलमवर युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दोनदा घालू न देणारा) असावा, आणि दुसऱ्यांदा आलेला तोच क्रमांक दिसला तर प्रोसिजरने 'ही ऑर्डर आधीच नोंदली आहे' असं शांतपणे कळवावं. दुबार कीची एरर हाताळून यश कळवायला हरकत नाही अशी ही एक जागा आहे.

हे सगळं लिहून झालं की ते फसवून बघायला हवं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. टेस्ट डेटाबेसवर तिन्ही स्टेटमेंटच्या मागे आळीपाळीने एक थ्रो घाला आणि प्रत्येक वेळी तिन्ही टेबलांतल्या नोंदी मोजा. एकदा नसलेल्या टेबलचं नाव टाकून बघा. मग मध्येच 'वेटफॉर डिले' (ठरावीक वेळ थांबवणारं स्टेटमेंट) लावून ॲप्लिकेशनचा टाइमआउट त्यापेक्षा कमी ठेवा, म्हणजे क्लायंट अर्ध्यातून निघून जाईल. त्यानंतर दुसऱ्या विंडोतून 'डीबीसीसी ओपनट्रॅन' चालवा. ते त्या डेटाबेसमधलं सगळ्यात जुनं चालू ट्रॅन्झॅक्शन दाखवतं. तिथे तुमच्याच सेशनचा क्रमांक दिसला, तर प्रोसिजरमधून रोलबॅक न करता बाहेर पडणारी एखादी वाट अजून शिल्लक आहे.